तुम्ही विचारलंत म्हणून: एमपीएचला फंडिंग मिळतं का?

इथे रविवारची सकाळ, तिकडे संध्याकाळचा चहा झालेला, अशा वेळी फोन वाजला की तो बहुधा ओळखीच्या ओळखीतला असतो. गेल्या महिन्यात लातूरहून एका मुलीचे वडील होते. मुलगी बीडीएस, इंटर्नशिप संपत आलेली, अमेरिकेत एमपीएच, म्हणजे पब्लिक हेल्थची मास्टर्स, करायचंय. थंडी किती पडते, मेथी-पालक मिळतो का, हे सगळं झालं आणि गाडी मुद्द्यावर आली. "मॅडम, स्कॉलरशिप मिळेल ना तिला? तुम्हाला पूर्ण मिळाली होती, असं आमचे भावजी म्हणत होते."

भावजींना कोणी काय सांगितलं देव जाणे. मला स्कॉलरशिप मिळाली नव्हती. मी दोन सेमिस्टर सकाळी सातला प्रयोगशाळा उघडून टेबलांवर कवट्या मांडत होते. त्याचा पगार मिळाला आणि फी माफ झाली. हा प्रश्न मला वर्षाकाठी दहा-बारा वेळा तरी येतो, म्हणून एकदा बैजवार लिहूनच टाकते.

पब्लिक हेल्थची मास्टर्स अमेरिकेत व्यावसायिक पदवी मानतात, एमबीएच्या पंगतीतली. किमान ४२ क्रेडिट, साधारण दोन वर्षं. पीएचडीचा विद्यार्थी हा विभागाच्या हिशोबात खर्च असतो, एमपीएचचा विद्यार्थी म्हणजे जमा. जमेच्या बाजूला बसलेल्या माणसाला कोण पैसे देणार? विभागात असिस्टंटशिपच्या जागा असतात, पण त्या आधी पीएचडीवाल्यांना वाढतात. उरलं तर आपल्या पानात. माझ्या बॅचमध्ये प्रवेशपत्रासोबतच पूर्ण फंडिंग आलेला एकही परदेशी विद्यार्थी नव्हता. आणि डीआरपीएच नावाने डॉक्टरेट असली तरी पैशाच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी एमपीएचचीच थोरली बहीण.

म्हणजे मिळतच नाही का? मिळतं. फक्त ते 'स्कॉलरशिप' या पाटीखाली शोधायचं नसतं.

असिस्टंटशिप ही सरळ नोकरी आहे. कोणाचं तरी काम अडलेलं असतं आणि ते करायला तुम्हाला घेतात. नेमणूक टक्क्यांत मोजतात. पन्नास टक्के म्हणजे आठवड्याला २० तास, आणि विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर तेवढंच काम करता येतं. बदल्यात महिन्याचा स्टायपेंड, ट्यूशनची माफी आणि बऱ्याच ठिकाणी आरोग्यविमा. सगळेजण स्टायपेंड किती ते विचारतात. विचारायचं ते हे, की माफी किती टक्क्यांच्या नेमणुकीपासून लागू होते. इलिनॉय विद्यापीठात ती २५ टक्क्यांपासून लागू होते, म्हणजे आठवड्याला दहा तासांच्या कामावरसुद्धा. दुसऱ्या एखाद्या ठिकाणी दहा तासांवर फक्त हातखर्च सुटेल. शिवाय माफ होते ती ट्यूशन. इतर शुल्कं म्हणजे तंत्रज्ञानाचं, जिमचं, परदेशी असल्याचं, अशी एक लांबलचक यादी असते आणि ती आपल्याच खिशातून जाते. २०१९ साली इलिनॉय विद्यापीठाच्या शिकागो कॅम्पसवर असिस्टंट मंडळींनी संप केला, त्यातही ही शुल्कं भांडणाचा मोठा मुद्दा होती.

आता कवट्यांची गोष्ट.

मी आले तेव्हा अकोल्याचं घर बँकेकडे गहाण होतं. बाबा जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेले, आणि कर्जाच्या कागदावर सही करताना त्यांनी चष्मा दोनदा पुसला होता. पहिल्या सेमिस्टरला मी आमच्या विभागातल्या जवळजवळ प्रत्येक प्राध्यापकाला मेल केला. 'रिस्पेक्टेड सर' अशी सुरुवात, मग माझ्या कष्टाळूपणाचं वर्णन, शेवटी कुठलीही जबाबदारी मनापासून पार पाडीन वगैरे. साठेक मेल गेले असतील. चार उत्तरं आली, चारही नकाराची. आज मला स्वतःला असे मेल येतात तेव्हा कळतं की 'कुठलीही जबाबदारी' हे वाचून समोरच्याला काहीच सुचत नाही. 'मला सॅसमध्ये (हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर) डेटा साफ करता येतो, महिनाभर एका छोट्या सर्वेक्षणावर केलाय' असं कोणी लिहिलं तर मी निदान थांबून वाचते.

विभागाचं दार उघडेना, तेव्हा एका तेलुगू सीनियरने सांगितलं, "तू डेंटिस्ट ना? मग जीवशास्त्रात विचार की." नर्सिंगला जाऊ पाहणारी अठरा-एकोणीस वर्षांची पोरं तिथे ॲनाटॉमीच्या प्रॅक्टिकलला शेकड्यांनी येतात आणि त्यांना शिकवायला माणसं कायम कमी पडतात. मी तिथल्या समन्वयक बाईंना जाऊन भेटले. त्यांनी एक कवटी उलटी करून माझ्या हातात दिली आणि तळाशी असलेल्या एका भोकात पेन्सिल घातली. "हे काय?" फोरामेन ओव्हेल, म्हटलं, यातून मॅन्डिब्युलर नर्व्ह जाते आणि तिचीच एक शाखा बधिर करून आम्ही खालची दाढ काढतो. बाईंनी पेन्सिल काढली आणि म्हणाल्या, सोमवारी सकाळी आठला येशील का?

पब्लिक हेल्थचं शिक्षण मी असं कवट्यांवर काढलं. विभागात कोणाला त्याचं विशेष वाटलं नाही. बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी, नर्सिंग करून आलेल्या आपल्या मुलामुलींकडे हे भांडवल असतं आणि तेच 'ते आता मागे सुटलं' म्हणून बाजूला ठेवतात. स्टॅटिस्टिक्सचा पाया पक्का असेल तर गणित विभाग, मराठीखेरीज हिंदी-उर्दू नीट येत असेल तर काही विद्यापीठांत भाषा विभाग, नाहीतर वसतिगृह कार्यालय, ग्रंथालय, विद्यार्थी आरोग्य केंद्र. पैसे आपल्या इमारतीत नसतील तर शेजारच्या इमारतीत असतात.

फक्त शेजारची प्रत्येक इमारत सारखी नसते. माझी रूममेट वसतिगृह कार्यालयात असिस्टंट होती. काम सोपं, माणसं चांगली, माझ्यापेक्षा स्टायपेंड थोडा जास्तच. नोव्हेंबरात तिचा पगार बघितला तर जेमतेम किराण्यापुरता. तिला वाटलं चूक झाली. चूक नव्हती. अमेरिकी करकायद्यात शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या असिस्टंटशिपची ट्यूशन माफी करमुक्त आहे, पण कार्यालयीन कामाची असेल तर वर्षाला ५,२५० डॉलरच्या वरची माफी तुमचं उत्पन्न धरली जाते. हातात न आलेल्या पैशावरचा कर हातात आलेल्या पगारातून कापला जातो. नेमणुकीच्या पत्रात 'ग्रॅज्युएट असिस्टंट' लिहिलंय की 'टीचिंग' किंवा 'रिसर्च', हा एक शब्द सही करण्याआधी बघा. तिला कोणी सांगितलं नव्हतं. मला माहीत असतं तर मी सांगितलं असतं.

दुसऱ्या वर्षी मला संशोधनातलं काम मिळालं, वैद्यकीय महाविद्यालयातल्या एका प्रकल्पावर. काम म्हणजे डेटा साफ करणं. ज्यांनी वय सांगितलं नाही त्यांच्यापुढे ९९९ असा आकडा टाकलेला असायचा. तो वेळीच हटवला नाही तर नऊशे नव्व्याण्णव वर्षांची गरोदर बाई तयार होते आणि सरासरी वय कुठल्या कुठे जातं. यात हुशारी कमी, चिकाटी जास्त. तांदूळ निवडण्यासारखं. पण त्या कामाने मला पुढची नोकरी दिली, कवट्यांनी नाही, हेही खरं.

सध्या मात्र मी मुलांना शिकवण्याच्या जागा आधी बघा म्हणते. संशोधनाच्या जागेचा पैसा बहुतेक वेळा वॉशिंग्टनहून येतो आणि २०२५ मध्ये तो नळ बऱ्याच ठिकाणी अर्ध्यावर बंद झाला. राष्ट्रीय आरोग्य संस्थेची, म्हणजे एनआयएचची, चालू अनुदानं रद्द झाली, यूएसएड ही परदेशांना मदत करणारी सरकारी संस्था गुंडाळली गेली. एकट्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने त्या मार्चमध्ये देशोदेशींच्या मिळून दोन हजारांहून जास्त जागा कमी केल्या. प्राध्यापकाचंच अनुदान गेलं तर तो तुम्हाला कुठून देणार? पहिल्या वर्षाच्या पोरांना ॲनाटॉमी मात्र शिकवावीच लागते.

जाहिराती वाचतानाही जरा सावध. 'वर्क-स्टडी' असं लिहिलेल्या कामाला अमेरिकी केंद्र सरकारचा पैसा असतो आणि तो आपल्याला चालत नाही. एनआयएचच्या टी-३२ प्रशिक्षण अनुदानाचंही तेच, ते नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांसाठी. मात्र प्राध्यापकाच्या नेहमीच्या संशोधन अनुदानातून आपल्याला पगार मिळू शकतो. हा फरक न कळल्यामुळे कित्येक जण नको तिथे अर्ज करतात आणि हवं तिथे 'आपल्याला कुठलं मिळतंय' म्हणून सोडून देतात.

उलट टेक्सासमध्ये एक गंमत आहे. सरकारी विद्यापीठाने स्पर्धेतून किमान १,००० डॉलरची शिष्यवृत्ती दिली की बाहेरच्या विद्यार्थ्यालाही राज्यातल्या रहिवाशाचा फी-दर लावता येतो, तशी कायद्यातच तरतूद आहे. अर्ध्या वेळेच्या टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटलाही तिथे तो दर मिळतो. ह्यूस्टनला प्रवेश मिळालेल्या एका मुलाने 'हजार डॉलरने काय होतंय' म्हणून तो अर्ज भरलाच नव्हता. शेवटच्या आठवड्यात मी त्याला अक्षरशः रागावून भरायला लावला. हजार डॉलर दिसतात त्यापेक्षा बरेच मोठे असतात.

भारतातल्या मदतीविषयी थोडक्यात. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून आहे, पण ती मुळात कर्जाऊ शिष्यवृत्ती आहे, फेडावी लागते. फुलब्राइट-नेहरू मास्टर्स शिष्यवृत्तीत पब्लिक हेल्थ हा विषय आहे, मात्र तीन वर्षांचा कामाचा अनुभव मागतात, म्हणजे इंटर्नशिप संपवून लगेच उडी मारणाऱ्यांना ती नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांनी महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती सगळ्यात आधी बघावी. मिळाली तर वर लिहिलेली अर्धी यातायात वाचते. आणि युरोप चालत असेल तर युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडस योजनेत पब्लिक हेल्थचा युरोपबहेल्थ नावाचा संयुक्त अभ्यासक्रम आहे. शिष्यवृत्ती मिळालेल्यांना महिन्याला १,४०० युरो देतात. अमेरिकेच्या नादात तिकडे आपल्यातलं कोणी बघतच नाही.

लातूरच्या काकांना मी यातलं निम्मंच सांगितलं. पहिल्या वर्षाचे पैसे पूर्ण तयार ठेवा, असिस्टंटशिप धरून हिशोब मांडू नका, असं म्हटलं. कारण आय-२० साठी, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या कागदासाठी, पहिल्या वर्षाचा खर्च कागदावर दाखवावा लागतो आणि 'तिथे गेल्यावर काम मिळेल' हे त्या कागदावर चालत नाही. प्रवेशासोबतच कुठून आर्थिक ऑफर आली, तर बहुतेक मोठी विद्यापीठं १५ एप्रिलपर्यंत उत्तराला वेळ देतात, घाईने होकार कळवू नका. काका सगळं लिहून घेत होते. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "म्हणजे घर गहाण ठेवावं लागेल?" मी म्हटलं, बहुतेक हो. पलीकडे थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता.

पुढच्या रविवारी मुलीचाच फोन आला. बाबांनी सांगितलं म्हणाली, कवट्यांचं.

"पण ताई, मला ॲनाटॉमी कधीच आवडली नाही. बायोकेमिस्ट्री चालेल का?"

चालेल, म्हटलं. फर्स्ट इयरची जर्नलं रद्दीत गेली नसतील तर आधी काढून ठेव.