एरंडासारखं झाड आणि जर्सीचा तिसरा हिवाळा

१२ एप्रिल, मध्य न्यू जर्सी, झोन ७अ (हिवाळ्यातल्या नीचांकी तापमानावरून पाडलेला अमेरिकी बागकाम-विभाग)

काल गोणपाट सोडलं. फॅट्सियाची वरची पानं काळवंडून लोंबतायत, पण नखाने साल खरवडली तर खोड बुडापासून हातभर हिरवं आहे. दोन्ही ऑक्युबा ठणठणीत. जानेवारीत पारा उणे १४ सेल्सियसला टेकला होता, हे लक्षात घेता मी खूश आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं. फॅट्सिया म्हणजे हाताच्या पंजासारख्या मोठ्या चकचकीत पानांचं जपानी झुडूप. व्हिडिओ कॉलवर आईने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाली, "अंगणात एरंड कशाला लावलास रे?" ऑक्युबालाही ती क्रोटनच म्हणते, हिरव्यावर पिवळे ठिपके, चूक तिची नाही.

२०२२ च्या वसंतात पहिलं फॅट्सिया मी दक्षिणेच्या भिंतीला लावलं. भिंत तापते, झाडाला ऊब मिळेल, असा सरळ हिशेब. त्या नाताळाआधी एका दिवसात पारा शून्याच्या वरून थेट उणे १३ च्या आसपास कोसळला, तरी झाड तगलं होतं. पानं करपली ती नंतर, फेब्रुवारीच्या लख्ख उन्हात. जमीन गोठलेली, मुळांना पाणी उचलता येत नाही, आणि वर ऊन-वारा पानातलं पाणी ओढतोय. हिवाळ्यात झाड चक्क तहानेने मरतं! आपल्याकडे ऊन नाही म्हणून झाड रुसतं. इथे उलटं शिकावं लागलं.

म्हणून दुसरं झाड उत्तरेला, घर आणि गॅरेजच्या बेचक्यात लावलं. आता नोव्हेंबरअखेर, जमीन गोठायच्या आत, आळं भरून पाणी देतो, वर वीतभर पाचोळा. गोणपाट चार खुंट्यांना बांधतो, पानांना टेकू देत नाही. पहिल्या वर्षी एलईडीची माळही गुंडाळली होती. रोषणाई झाली, ऊब शून्य. पानातलं पाणी उडू नये म्हणून पाइनच्या राळेचा फवारा मारून पाहिला, मला तरी फरक दिसला नाही.

कडाक्यात ऑक्युबाची पानं काळपट होऊन लोळतात, शेजारचं रोडोडेंड्रॉन विडी वळावी तशी पानं गुंडाळून घेतं. घाबरू नका, पारा चढला की दोन्ही सावरतात.

कॅमेलिया या फुलझाडाचं मात्र अर्धंच जमलं. १९७० च्या दशकातल्या दोन भयंकर हिवाळ्यांत वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानातले बहुतेक कॅमेलिया मेले. ओलेइफेरा जातीचे काही टिकले आणि त्यांच्यापासून वनस्पती संशोधक विल्यम अ‍ॅकरमन यांनी थंडी सोसणारे संकर काढले. त्यांचा 'विंटर्स स्टार' माझ्याकडे नोव्हेंबरात फुलून मोकळा झाला. 'एप्रिल ट्रिस्ट' वसंतात फुलणारा, त्यामुळे त्याच्या कळ्यांना अख्खा हिवाळा काढावा लागतो. यंदा सगळ्या तपकिरी. पानं शाबूत, म्हणून उपटत नाही, पण सकाळचं ऊन अडवायला पूर्वेकडे आडोसा करणार.

फॅट्सियाच्या बुंध्याशी मुगाएवढे दोन कोंब दिसतायत. गेल्या वर्षी घाई करून शेंडा छाटला आणि जिवंत लाकूड घालवलं. यंदा कात्री मे संपेपर्यंत गॅरेजमध्ये.