बेळगाव ते बेंगळुरू : रेल्वे, मेट्रो आणि आईचं शून्य तिकीट

बेंगळुरू बघायला जायचं म्हटल्यावर आईचं एकच चालू, बायकांना बस फ्री आहे न्हवं, मग लाल गाडीनंच जाऊया की. २०२३ च्या जूनपासून शक्ती योजना चालू आहे, कर्नाटकाचा पत्ता असलेलं आधार दाखवलं की साध्या सरकारी बसमध्ये बायकांना शून्य रुपयाचं तिकीट मिळतंय, हे सगळं खरं, पण ५०० किलोमीटर साध्या सीटवर बसून जायचं म्हणजे पैसे वाचणार आणि गुडघे जाणार. स्लीपर, एसी गाड्यांना फ्री नाही. त्यात सोबत मावशी, ती चंदगडची, बाजाराला कायम बेळगावात असते पण आधार महाराष्ट्राचं, म्हणजे तिला फुल तिकीट.

शेवटी राणी चन्नम्मा एक्सप्रेसचं रिझर्वेशन केलं. २०२५ च्या ऑगस्टपासून वंदे भारत पण आहे, भारी गाडी, पण ती पहाटे निघून दुपारी पोचवते, फिरायचा अर्धा दिवस गाडीतच गेला की. रात्रीच्या गाडीनं एका रात्रीचं लॉजभाडं पण वाचतं. आणि गंमत बघा, गाडीला नाव कित्तूरच्या राणीचं, उतरायचं त्या स्टेशनला नाव तिच्याच फौजेतल्या संगोळ्ळी रायण्णाचं, ज्याला १८३१ ला आमच्या खानापूर तालुक्यात नंदगडला फाशी दिली. राजधानीत उतरलं तरी जिल्हा काय सुटत नाही!

प्लॅनिंगचं माझं मत सांगतो. लोकं ठिकाणांची यादी करतात आणि दिवसभर ट्रॅफिकमध्ये बसतात. मी आधी मेट्रोचा नकाशा उघडला आणि स्टेशनपासून आई चालू शकेल तेवढंच ठेवलं, बाकी सगळं कट. रेल्वे स्टेशनला लागूनच मेट्रो आहे, पुढचं स्टेशन मॅजेस्टिक, तिथं जांभळी आणि हिरवी लाइन क्रॉस होतात, म्हणून लॉज तिथंच बघा.

जांभळ्या लाइनवर विधानसौध, त्याच नावाचं स्टेशन आहे. १९५६ ला पूर्ण झालेली दगडी इमारत, समोर लाल रंगाचं हायकोर्ट, मागं कब्बन पार्क. आम्ही बाहेरूनच बघितलं. आईला आपलं बेळगावजवळच्या हलग्याचं सुवर्णसौधच, म्हणजे तिथलं विधानभवन, मोठं वाटलं, असेल बाबा, पण तिथं अधिवेशन भरतं तेव्हाच काय ती वर्दळ.

हिरव्या लाइनवर लालबाग. हैदरअलीनं १७६० ला सुरू केलेली बाग, १८८९ चं काचघर, पण खरी मजा आतल्या खडकावर, सुमारे ३०० कोटी वर्षं जुना म्हणतात. मावशी चपला हातात घेऊन तरातरा वर चढली, बेंगळुरू वसवणाऱ्या केंपेगौडांच्या मनोऱ्याला टेकून बसली आणि म्हणाली, ह्यो तर आमच्या माळावरचाच कातळ, ह्याला तिकीट कशाला?

मराठी माणसानं चुकवू नये असं ठिकाण म्हणजे मल्लेश्वरमचं काडू मल्लेश्वर. बेंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत होतं हे शाळेत वाचलेलं असतंय, पण हे देऊळ त्यांचे चिरंजीव व्यंकोजीराजांनी बांधलं असं मानतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. १६६९ चा शिलालेख पण आहे. संपिगे रोड स्टेशनला उतरायचं, आणि तिथवर गेलाच आहात तर बेण्णे डोसा खाल्ल्याशिवाय परत फिरू नका, लोणी असं पानभर पसरतंय.

परत येताना मुद्दाम सिटी बस पकडली. वज्र नको, ती एसी आहे, फ्री नाही, साधीच बघायची. बोर्ड कन्नडमध्ये, पण बसचा नंबर वाचता येतो. कंडक्टरनं "आधार?" विचारलं, आईनं पदराखालच्या पिशवीतनं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड काढलं, शून्य तिकीट घेतलं आणि घडी करून पर्समध्ये ठेवलं, जशी काय लॉटरी. मावशी सुट्टे पैसे मोजत मला विचारते, काय रे, आधारवर तुमच्या घरचा पत्ता घातला तर?

म्हटलं घाल की, पण मग तिकडचे लाडक्या बहिणीचे महिन्याचे १५०० बंद होतील.

"र्‍हाऊ दे, काढते तिकीट."