रॉकेलची बाटली आणि मेणाची वडी

डोंगरातल्या भटकंतीविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. मला लिहायचे आहे ते मुक्कामाच्या खोलीतल्या लोखंडी शेगडीविषयी. यजमान अगत्यशील होते, परंतु सरपणाशेजारी त्यांनी रॉकेलची बाटली ठेवली होती आणि "थोडे शिंपडा, लगेच पेटेल" असेही ते सांगून गेले. हे अगत्य मला मुळीच रुचले नाही. राखेखाली एखादा निखारा धगधगत असेल, तर त्यावर पडलेल्या रॉकेलची वाफ होऊन शेगडीच्या उघड्या दारातून थेट तोंडावर भडका येऊ शकतो. बाटली मी दाराबाहेर नेऊन ठेवली आणि पिशवीतून मेण व लाकडाच्या भुशाच्या वड्या, म्हणजे फायर स्टार्टर, काढले.

धुराड्याची झडप आणि हवेची खिडकी पूर्ण उघडून मी जाड ओंडके तळाशी, त्यांवर बारीक फाटे आणि सर्वांत वर बोटाएवढ्या ढलप्या आडव्या-उभ्या रचल्या. त्यांच्या बेचक्यात एकच वडी ठेवली. आग वरून लावायची हे पाहून सोबतचा मित्र हसला. पण असे केल्याने धुराडे लवकर तापून धूर ओढू लागते, आणि खालच्या लाकडांतून निघणारा वायू ज्वाळेतून जाताना जळून जातो. काडी लावताच वडीचा कोपरा ओलसर चमकला, मेण वितळून भुशात मुरले आणि भुसा वातीचे काम करू लागला. ढलप्यांच्या कडा काळवंडल्या, मग तडतडल्या. मित्राचे हसणे तेवढ्यात थांबले.

खरी तक्रार सरपणाची आहे. दोन ओंडके एकमेकांवर आपटले की बद्द आवाज येई आणि जळताना त्यांच्या टोकांना पाणी फसफसे. जळणातली ओल २० टक्क्यांच्या आत हवी. त्याहून ओले लाकूड कितीही वड्या लावल्या तरी धुमसतच राहते आणि धुराड्यात पेट घेणारा काजळीचा थर साचवते. खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही नव्हता. त्या विषारी वायूला वास नसतो आणि झडप बंद असली की तो खोलीतच साचतो, म्हणून ऊब टिकवण्यासाठी झडप बंद करून निजण्याचा मित्राचा आग्रह मी मानला नाही.

सकाळी राख प्लास्टिकच्या बादलीत भरली जात होती, तेव्हा मी झाकणाची पत्र्याची बादली मागितली, कारण राखेतला निखारा दोन-दोन दिवस जिवंत राहू शकतो. बादली मिळाली, माझ्याविषयीचे यजमानांचे मत मात्र तोवर ठरून गेले असावे.