आमची वाटचाल : ताजा माल आमच्याकडे मिळत नाही

सोलापुरात शोभेच्या माशांचं दुकान चालवणाऱ्याचा समुद्राशी संबंध यायचं तसं काही कारण नाही. गप्पी, मोली, गोल्डफिश, फायटर, बोअरच्या जड पाण्यात उलट जास्त खुलणारे आफ्रिकन सिक्लिड, आणि मधली काही वर्षं वास्तूसाठी म्हणून फ्लॉवरहॉर्न, एवढ्यावर दुकान चालतं. वडिलांनी सुरू केलं तेव्हा निम्म्या जागेत लव्हबर्डचे पिंजरे होते. थोरला भाऊ (बाजारात सगळे त्याला अण्णा म्हणतात) आणि मी गल्ल्यावर बसायला लागलो तसे पिंजरे गेले, काचेच्या टाक्या वाढल्या. दवाखाने, लॉज, कापडाची दुकानं यांच्या टाक्या बसवून द्यायच्या आणि महिन्याच्या महिन्याला साफ करायच्या, अशी कामं मिळू लागली. खरं उत्पन्न या देखभालीचंच. नुसते मासे विकून कोणी बंगला बांधलेला आमच्या पाहण्यात नाही.

खाऱ्या पाण्यात उतरलो ते दातांच्या एका डॉक्टरांमुळे. त्यांना वेटिंगमध्ये क्लाउनफिश हवे होते. मासे रुळले, टाकी स्थिरावली, आणि मग डॉक्टर म्हणाले, "नुसते दगडच दिसतात ओ, त्यावर काहीतरी जिवंत लावा की." तिथून प्रवाळ आमच्या धंद्यात आलं.

पहिला प्रश्न सगळ्यांनी विचारला तो उन्हाचा. एप्रिल-मेमध्ये इथला पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि प्रवाळाला हवं २५-२६ अंशांचं पाणी. पाणी ३० च्या वर टिकून राहिलं, तर प्रवाळ आपल्या अंगात राहणारं सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. त्या शैवालाने प्रकाशावर तयार केलेलं अन्न हाच त्याचा मोठा आधार, म्हणजे पांढरं पडणं ही उपासमारीची सुरुवात. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) लागतोच. पण सोलापूरच्या उन्हाळ्याची एक चांगली बाजू आहे, ती म्हणजे कोरडी हवा. घरातला कूलर ज्या तत्त्वावर चालतो त्याच तत्त्वावर सम्पवर (टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीवर) लावलेला साधा पंखा पाणी दोन-तीन अंशांनी सहज उतरवतो. मुंबईच्या दमट हवेत त्याच पंख्याचा तेवढा उपयोग होत नाही. अर्थात पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं, त्यामुळे खारटपणा चढतो. तो ३५ च्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) आसपास ठेवायला रोज गोडं पाणी वरून घालावं लागतं, आणि तेही नळाचं चालत नाही, आरओचंच लागतं. उजनीचं पाणी शहराला काही दिवसांआड येतं, म्हणून आरओचे ड्रम आम्ही पाणी येईल त्या दिवशीच भरून ठेवतो. आरओचं वाया जाणारं पाणी दुकान पुसायला आणि कुंड्यांना. वीज गेली तर बॅटरीवर आधी वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलतं ठेवणारा पंप, चालतो. दिवे बंद राहिले तरी चालतात, पाणी थांबून चालत नाही.

आता मालाविषयी. भारताच्या समुद्रातलं दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून आहे. वाघाला जी अनुसूची, तीच याला. मालवणला किंवा रामेश्वरला फिरायला गेलेले लोक कधीकधी तुकडा घेऊन येतात आणि "हा टाकीत लावून द्या" म्हणतात. जिवंत असो की वाळका, आम्ही हात लावत नाही. परदेशातलं दगडी प्रवाळ साइट्स (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या) कराराखाली येतं, त्याचे परवाने वेगळे. म्हणून आम्ही मऊ प्रवाळांपुरतंच पाहतो: झोआ (झोअँथस), मशरूम, टोडस्टूल लेदर, केनिया ट्री, झेनिया, जीएसपी (ग्रीन स्टार पॉलिप). ते मुंबईच्या आयातदाराकडून येतं, बहुतेक इंडोनेशियाचं, आणि कागद पाहिल्याशिवाय अण्णा पैसे देत नाही.

खोकी घेऊन अण्णा रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने येतो. सकाळी ती दुकानात उघडेपर्यंत प्रवाळाने पिशवीत दोन-तीन दिवस काढलेले असतात. इथे नवीन लोकांची समजूत उलटी असते. पिशवी उघडायची आणि टाकीचं पाणी तासन्‌तास थेंब-थेंब सोडत बसायचं, म्हणजे त्याला धक्का बसत नाही, असं त्यांना वाटतं. पण बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो आणि त्या पाण्यात अमोनिया फारसा विषारी नसतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. माशांना हा त्रास जास्त, प्रवाळाला कमी, तरी त्या घाण पाण्यात त्याला ताटकळत ठेवण्यात फायदा काहीच नाही. आम्ही बंद पिशवी वीसेक मिनिटं तरंगत ठेवून तापमान जुळवतो, रिफ्रॅक्टोमीटरने पिशवीतला खारटपणा पाहतो, फरक मोठा नसला तर प्रवाळ लगेच बाहेर काढतो. पिशवीतलं पाणी थेट मोरीत.

मग डिप. आयोडीनच्या द्रावणात काही मिनिटं हलवलं की लपलेले किडे, चपट्या अळ्या, छोटे खेकडे खाली पडतात. झोआ खाणारी गोगलगाय मोठी बिलंदर. जो झोआ खाते त्याचाच रंग अंगावर घेते, त्यामुळे समोर असूनही दिसत नाही. डिपने ती मरते, पण तिची अंडी मरत नाहीत, म्हणून आठवड्याने पुन्हा डिप. ज्या प्लगवर (छोट्या चकतीवर) प्रवाळ चिकटवून आलं तो प्लग आम्ही कापून फेकतो आणि नवीन लावतो. अंडी बहुधा तिथे किंवा देठाशीच असतात, आणि माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग देणाऱ्या परजीवीच्या गाठीही अशाच टणक पृष्ठभागावर बसून येतात. म्हणूनच नवीन माल विकण्याआधी वेगळा ठेवायच्या आमच्या क्वारंटाइन टाकीत एकही मासा नसतो. मासाच मिळाला नाही तर तो परजीवी काही आठवड्यांत संपतो.

झोआ कापताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घातल्याशिवाय आमच्याकडे कोणी ब्लेड उचलत नाही. पॅलिथोआ (झोआचाच भाऊबंद) आणि काही झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन असतं. १९७१ मध्ये हवाईतल्या शास्त्रज्ञांनी ते वेगळं काढलं. निसर्गातल्या सगळ्यात जहाल विषांत त्याची गणना होते. झोआ लागलेला दगड गरम पाण्यात उकळून 'साफ' करायची कल्पना कोणाच्या डोक्यात असेल तर ती आत्ताच काढून टाका. वाफेतूनही बाधा होते.

त्यानंतर फक्त थांबणं. अंधारातून आलेल्या प्रवाळावर पूर्ण दिवे सोडले तर ते करपतं, म्हणून तळाशी, मंद उजेडात ठेवायचं आणि दिवे आठवड्या-आठवड्याने थोडे थोडे वाढवायचे. टोडस्टूल तर आल्यावर कित्येक दिवस मिटून बसतं, अंगावर मेणासारखा थर धरतं, तो थर गळाला की पुन्हा उमलतं. या काळात गिऱ्हाइकाच्या घरी असतं, तर रोज फोन आला असता. तसे येतातच. निळ्या दिव्यातला फोटो आणि खाली "मालक, गेलं का हे?" निळ्या उजेडात मेलेलंही सुंदर दिसतं, तेव्हा पांढऱ्या दिव्यात फोटो काढा, एवढंच मी सांगतो.

धंद्याची अडचण याच थांबण्यात आहे. मासळी बाजाराची सवय असलेला माणूस विचारतो, "अण्णा, आज आलेला दाखवा की." आज आलेला आम्ही दाखवतो, विकत नाही. खेप आली की पैसे अडकतात, दिवे-चिलरचं बिल चालू राहतं, त्यातले काही तुकडे आमच्याच टाकीत मरतात, आणि हे सगळं भावात धरावं लागतं. पिशवीतून पिशवीत विकणाऱ्यापेक्षा आम्ही महाग पडतो, हे खरं. ती गिऱ्हाइकं गेली. काही परतली, काही नाही.

२०१८ मध्ये इंडोनेशियाने प्रवाळाची निर्यात थांबवली, ती २०२० च्या सुरुवातीला सुरू झाली. त्या काळात भाव असे चढले की आम्ही आमच्याच टाकीतले मशरूम आणि केनिया ट्री कापून फ्रॅग, म्हणजे लावायचे छोटे तुकडे, करायला बसलो. कापलेला तुकडा दगडाच्या चुऱ्यात सोडला की काही दिवसांत स्वतःच धरतो. जीएसपी तर थांबवावं लागतं, काचेवरही चढतं. आज दुकानातून जाणारे बरेच फ्रॅग सोलापुरातच वाढलेले आहेत. त्यांना ना प्रवासाचा ताण, ना बाहेरच्या किड्यांची धास्ती. लातूर, विजयपूर, कलबुर्गीहून लोक गाडी काढून येतात ते याच्यासाठी. नवीन रंगाच्या झोआसाठी मात्र अजूनही आयातीवरच अवलंबून आहोत, आणि हौशी माणूस रंगासाठीच येतो.

घरी नेणाऱ्याला आमच्या अटी थोड्या आहेत. टाकी चार-सहा महिने जुनी असावी, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट थोडं असलं तरी चालेल (अगदीच शून्य नको). तुकडा आधी तळाशी ठेवायचा, पहिले काही दिवस दिवे मंद, जागा रोज बदलायची नाही. आणि आमच्याकडून नेलाय म्हणून डिप टाळायची नाही. आमच्या टाकीवर आमचा विश्वास आहे, पण तो तुमच्या माशांच्या जिवावर ठेवू नका.

मार्च संपला की बाहेरची खेप आम्ही मागवतच नाही. तापलेल्या प्लॅटफॉर्मवर आणि रिक्षात थर्माकोलचं खोकं फार टिकाव धरत नाही. पावसाळ्यानंतर पुन्हा सुरू करतो आणि गड्ड्याच्या जत्रेच्या, म्हणजे संक्रांतीच्या, सुमारास क्वारंटाइनमधून निघालेला माल सगळ्यात जास्त असतो. रंग निवडायला यायचं असेल तर तेव्हा या.