दीड लाख किलोमीटर झालेल्या वॅगन आरसाठी ऑइल निवडताना

जुनी वॅगन आर, 1061 सीसीचं पेट्रोल इंजिन. दीड लाख ओलांडले की गॅरेजमधून ठरलेला सल्ला येतो: "आता 20डब्ल्यू-50 टाका," म्हणजे जास्त जाड ऑइल. मी आधी ऑइल जातंय कुठे ते पाहिलं, ग्रेड (जाडपणाचा क्रमांक) नंतर ठरवला.

सपाट जागी, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी डिपस्टिक बघायची, हजार किलोमीटरनंतर पुन्हा, आणि मधला टॉप-अप मोजून ठेवायचा. हजाराला पाव लिटरपर्यंत खपत असेल तर या वयाच्या गाडीला मी चालवून घेतो. त्याहून जास्त असेल तर धूर बघा. रात्रभर उभी गाडी सुरू करताच निळा धूर येऊन थांबला, तर दोष व्हॉल्व्ह सीलचा. चढावर जोर देताना येतच राहिला, तर पिस्टनच्या रिंगांचा. तुंबलेला पीसीव्ही व्हॉल्व्हही (इंजिनाच्या आतली वाफ परत हवेच्या वाटेने ओढून घेणारा छोटा व्हॉल्व्ह) ऑइल खातो. तो स्वस्त, म्हणून पहिला तोच काढून हलवायचा. खडखडला नाही तर बदला. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट पाझरत असेल तर कुठलाही ग्रेड ते थांबवत नाही.

ग्रेडमध्ये डब्ल्यूआधीचा आकडा गार ऑइलचा, तर शेवटचा आकडा 100 अंश सेल्सिअसचा जाडपणा सांगतो: 40 म्हणजे 12.5 ते 16.3 सेंटिस्टोक (जाडपणाचं एकक), 50 म्हणजे 16.3 ते 21.9. बेअरिंगच्या फटी वाढलेल्या इंजिनात 30 वरून 40 वर जाणं पटतं. 20डब्ल्यू-50 मात्र गार इंजिनात वर कॅमपर्यंत उशिरा पोहोचतं, शिवाय मायलेज खातं. म्हणून 10डब्ल्यू-40 सेमी-सिंथेटिक, डब्यावर एपीआय एसएन किंवा एसपी (ऑइलच्या दर्जाची खूण) असलेलं. सिंथेटिकने गळती सुरू होते हे अर्धसत्य आहे: सील आधीच कडक झालेले असतात, ऑइलमधले डिटर्जंट गाळ धुतात आणि बुजलेली फट उघडी पडते.

याच कारणाने फ्लश (इंजिन आतून धुणारं रसायन) नको. सुटलेला गाळ संपमधल्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतल्या) जाळीत अडकला की ऑइलचा दाब पडतो. त्यापेक्षा पहिल्या दोन बदल्या 5000 किलोमीटरवर करा, फिल्टरसकट.

ऑइल कोमट असताना काढा, ड्रेन बोल्टला नवा वॉशर घाला. फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट लावून, रबर टेकल्यावर पाऊण फेरा. मॅन्युअलमधल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी ओता, इंजिन दोन मिनिटं चालवा, थांबून डिपस्टिक बघत बाकीचं भरा. वरची खूण ओलांडली की क्रँक ऑइल घुसळून फेस करतो.

सीएनजी किट असेल तर ऑइल काळं पडत नाही, म्हणून चांगलं दिसतं. तिथे रंग बघू नका, किलोमीटर झाले की बदला.