तुम्ही विचारलंत म्हणून: आल्प्समध्ये कारने दहा दिवसांत किती देश?

मी लोकांना सहलींची आखणी करून देते, आणि जानेवारी उजाडला की हा प्रश्न येतो. सोबत यादी तयार असते: स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, इटलीतलं लेक कोमो, स्लोव्हेनियातलं लेक ब्लेड, जमलं तर जर्मनी. मी उलट विचारते, "तारीख कोणती?" तर लोकांना वाटतं मी टाळतेय. टाळत नाही. किती देश होतील ते तारखेवरच ठरतं, आणि आपली तारीख बहुतेक वेळा मे महिन्यातली असते, कारण मुलांना सुट्टी तेव्हा असते.

मेमध्ये आल्प्सचे बहुतेक उंच घाट बर्फाखाली असतात. फुर्का (२,४२९ मीटर), ग्रिम्झेल, सुस्टेन हे स्वित्झर्लंडमधले घाट साधारण मेअखेर ते जूनच्या मध्यात कधीतरी उघडतात. इटलीतला स्टेल्व्हियो २,७५७ मीटरवर, तोही त्याच सुमारास. नक्की दिवस कोणीच आधी सांगू शकत नाही. बर्फ किती पडला आणि दरडीचा धोका किती, यावर तो ठरतो. आपल्याकडे वरंधा पावसाळ्यात बंद होतो, तसंच हे. फक्त ऋतू वेगळा आणि बंदी कितीतरी लांब. आपल्या शाळा जूनच्या मध्यात भरतात, म्हणजे घाट उघडायला आणि सुट्टी संपायला एकच गाठ.

हे मला पूर्वी माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, तरी मी चुकले. एका कुटुंबाला मी आखणी करून दिली होती: दोघं नवराबायको, त्यांची मुलगी आणि सत्तरीच्या आजी. मेचा तिसरा आठवडा. आखणी केली होती दिवाळीच्या आधी, ऑक्टोबरात. प्राड गावातून स्टेल्व्हियो चढून बोर्मिओत मुक्काम. नकाशाने पंचेचाळीसेक किलोमीटर आणि सव्वा तास दाखवला. ऑक्टोबरात तो घाट उघडा असतो, म्हणून नकाशाने रस्ता दाखवला. तोच नकाशा जानेवारीत उघडला असता तर त्याने भलताच मार्ग सुचवला असता आणि मी थबकले असते. नकाशा आजचा रस्ता दाखवतो, तुमच्या प्रवासाच्या दिवसाचा नाही. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली असती तर पुढचं टळलं असतं.

घाटाच्या पायथ्याशी पाटी असते, घाटांची नावं आणि पुढे उघडा की बंद, जर्मन आणि इटालियन दोन्ही भाषांत. त्यांनी फोटो पाठवून विचारलं, "ताई, हे किऊझो म्हणजे काय?" किऊझो म्हणजे बंद. दुपारचे साडेचार झाले होते. बोर्मिओच्या हॉटेलचे पैसे भरलेले, परत न मिळणारे. शेजारचा उम्ब्राइल घाटही (२,५०१ मीटर) बंदच, शिवाय तो वर जाऊन स्टेल्व्हियोच्याच रस्त्याला मिळतो. उरला एक मार्ग: म्यूस्टायरवरून स्वित्झर्लंडमध्ये शिरायचं, ओफेन घाट (२,१४९ मीटर) चढायचा, मग मुंट ला शेरा बोगदा. हा बोगदा एकपदरी आहे. एका दिशेच्या गाड्या सोडतात, तोवर समोरच्या थांबतात, आणि टोल वेगळा. पलीकडे लिव्हिन्यो, तिथून आयरा आणि फोस्कान्यो हे दोन्ही बावीसशे मीटरच्या वरचे घाट ओलांडून बोर्मिओ. अंतर दुप्पट. त्यात आजींना वळणांवर उलट्या, म्हणून दर वीस मिनिटांनी थांबणं. पोहोचले तेव्हा स्वयंपाकघर बंद झालं होतं. आजी उपाशी झोपल्या. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, म्हणून ते जास्तच लागलं.

मी तेव्हा स्वतःला सांगितलं की निसर्गापुढे कोणाचं चालतं? हे खरं नव्हतं. आखणीत पर्यायी रस्ता लिहिलेला नव्हता आणि हॉटेल रद्द होणारं घेतलेलं नव्हतं. दोन्ही माझ्या हातात होतं.

म्हणून मे असेल तर मी आता म्युनिकहून म्युनिक असा फेरा सुचवते. गाडी जिथे घेतली तिथेच परत दिली की दुसऱ्या देशात सोडण्याचा जबर आकार वाचतो. म्युनिक, त्सेल आम झे, ग्रोसग्लॉकनरचा रस्ता, क्रान्स्का गोरा किंवा ब्लेड, सोचा नदीचं खोरं, प्रेडिल घाट, डोलोमाइट्समधलं डोब्बियाको, ब्रेनर घाटावरून परत. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, इटली. ग्रोसग्लॉकनर १९३५ साली सुरू झाला: ४८ किलोमीटर, ३६ नागमोडी वळणं, २,५०४ मीटरपर्यंत चढ. तो बहुधा मेच्या सुरुवातीला उघडतो, पण रात्री बंद असतो आणि त्याचा टोल वेगळा. क्रान्स्का गोराहून सोचाकडे जाताना लागणारा व्हर्शिच घाट १,६११ मीटरवर. त्याची पन्नास वळणं क्रमांक घातलेली आहेत. क्रान्स्का गोराच्या बाजूच्या वळणांवर दगडी फरसबंदी आहे, पावसात निसरडी.

घाटात ताशी ३५ ते ४० किलोमीटर धरा. थांबून फोटो काढाल तो वेळ वेगळा. दिवसाला एकच मोठा घाट, आणि एका ठिकाणी निदान दोन रात्री.

उतार मात्र नीट समजून घ्या, कारण भाड्याची गाडी ऑटोमॅटिक असेल तर लोक डीमध्ये (ड्राइव्ह) ठेवून ब्रेकवर पाय दाबून उतरतात. दहा-बारा किलोमीटरमध्ये ब्रेक इतके तापतात की करपल्याचा वास येतो. त्यानंतर ब्रेक ऑइल उकळलं तर पेडल मऊ लागतं आणि गाडी थांबत नाही. लिव्हर एमवर (मॅन्युअल) घ्या, दुसरा किंवा तिसरा गिअर धरा, इंजिनाला गाडी रोखू द्या. चढलात त्या गिअरमध्ये उतरा, हे आपल्या घाटातले चालक सांगतात तेच. वास आलाच तर बाजूला घेऊन अर्धा तास थांबा. चाकांवर पाणी ओतू नका, डिस्क वाकतात.

कागदांचं थोडक्यात. मूळ लायसन्स आणि आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना दोन्ही सोबत हवेत. परवाना एक वर्षच चालतो. क्रेडिट कार्ड चालकाच्याच नावाचं. कोणत्या देशांत गाडी नेणार ते करारावर लिहून घ्या. ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनियाच्या महामार्गांना विन्येट (ठराविक मुदतीचा टोल-पास) लागतं, ते ऑनलाइन घेताना गाडीचा नंबर आणि नोंदणीचा देश दोनदा तपासा. ओ आणि शून्याची गल्लत झाली तर पैसे भरूनही दंड. ब्रेनरचा टोल ऑस्ट्रियाच्या विन्येटमध्ये येत नाही. इटलीत 'बेन्झिना' म्हणजे पेट्रोल, 'गाझोलिओ' म्हणजे डिझेल. जुन्या गावांत झेडटीएलची (बाहेरच्या गाड्यांना मनाई असलेला भाग) पाटी दिसली की आत शिरू नका, कॅमेरा असतो आणि दंड काही महिन्यांनी घरी येतो. शेंगेन व्हिसा (या सगळ्या देशांना मिळून एकच) सर्वांत जास्त रात्री ज्या देशात, त्या देशाकडे मागायचा. म्हणून दोन देशांतल्या रात्रींची संख्या सारखी ठेवू नका. सीमेवर थांबवलं नाही तरी पासपोर्ट हाताशी असू द्या.

"पण स्वित्झर्लंड नाही?" हे पुढचं वाक्य मला पाठ आहे. मेमध्ये गाडीने नाही, असं मी म्हणते. लगेच उत्तर येतं, "आम्ही आयुष्यात एकदाच जाणार आहोत." याच्यापुढे मला बोलता येत नाही. वर्षानुवर्षं पैसे साठवून निघालेल्या माणसाला युंगफ्राउ शिखर पुढच्या खेपेला बघा, असं कोणत्या तोंडाने सांगू? कधी वाटतं, झुरिकहून रेल्वेने तीन दिवस तेच बघा आणि कार घेऊच नका. कधी वाटतं, ज्युलियर आणि बेर्निना घाट हिवाळ्यातही उघडे ठेवायचा प्रयत्न असतो, त्यावरून एन्गाडिन खोऱ्यापर्यंत न्यावं. दोन्ही आखण्या मी लोकांना दिल्यात. कोणती बरोबर ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तर तारीख कळवा. आणि गाडीत कोणाला वळणांचा त्रास होतो, तेही.