दहा लाख अक्षरं लांबचा स्विच

माझ्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी एक पांढरट व्रण आहे. मी दीड वर्षाची असताना तिथला दुसरा अंगठा काढला, त्याची ही खूण. डाव्या हाताला जास्तीचं बोट नव्हतं, पण त्या अंगठ्यात दोनाऐवजी तीन हाडं आहेत. त्यामुळे तो लांबुडका दिसतो आणि घट्ट बसलेलं झाकण उघडताना एका बाजूला सरकतो. बाबांचे दोन्ही अंगठे असेच. आजीच्या उजव्या हाताला सहा बोटं होती आणि तिने ती शेवटपर्यंत ठेवली. सुईत दोरा ओवताना ती दोन्ही अंगठे वापरायची. लहानपणी मला वाटायचं, सगळ्या आज्यांचं असंच असतं. माझ्या धाकट्या भावाचे हात मात्र चारचौघांसारखे.

गेल्या वर्षी माझा मुलगा झाला. नर्सने त्याला माझ्या छातीवर ठेवलं तेव्हा मी आधी त्याच्या मुठी उघडून पाहिल्या. डावी मूठ ठीक. उजव्या मुठीत दोन अंगठे, एकमेकांना चिकटलेले, दोघांनाही टाचणीच्या डोक्याएवढं नख.

तो तीन महिन्यांचा असताना आम्ही त्याची आणि माझी जनुकीय तपासणी करून घेतली. रिपोर्ट आला: रोगाला कारणीभूत ठरेल असा कोणताही बदल आढळला नाही. नवरा म्हणाला, "म्हणजे हे आनुवंशिक नाही तर." मी त्याला चार पिढ्यांचे अंगठे मोजून दाखवले. रिपोर्टमधलं वाक्य खरंच होतं. पण तपासलं काय होतं, ते शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं: फक्त प्रथिनं बनवणारे भाग. आपल्या डीएनएत साधारण 300 कोटी अक्षरं आहेत आणि प्रथिनांची कृती लिहिलेला भाग त्यातल्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे. बाकीचं कुणी उघडूनच पाहिलं नव्हतं.

मी हे एवढ्या खात्रीने म्हणू शकत होते, कारण लग्नाआधी दोन वर्षं मी कोंबडीच्या गर्भांवर काम केलंय. तो भाग थोडा सविस्तर सांगते, कारण माझ्या हाताचं कोडं मला पहिल्यांदा तिथे कळलं.

अंडं 38 अंशांच्या उबवणपेटीत साडेतीन दिवस ठेवायचं. मग कवचाला कात्रीने छोटी खिडकी पाडायची. बलकावर अर्ध्या नखाएवढा गर्भ पसरलेला असतो, जवळजवळ पारदर्शक, म्हणून त्याच्या खाली पातळ काळी शाई सोडतात. शाई पसरली की अचानक सगळं उठून दिसतं: रक्तवाहिन्यांचं जाळं, धडधडणारं इवलंसं हृदय, आणि कडेला पंखांची दोन टेंगळं. त्या टेंगळात अजून एकही हाड नसतं. त्याच्या मागच्या कडेचा, म्हणजे आपल्या हातात करंगळी येते त्या बाजूचा, मिठाच्या कणाएवढा तुकडा बारीक सुईने कापायचा आणि दुसऱ्या गर्भाच्या पंखाच्या पुढच्या कडेला, अंगठ्याच्या बाजूला, खोचायचा. खिडकीला टेप लावून अंडं परत पेटीत. दहाव्या दिवशी पंख काढून रंगवला की कूर्चा निळी दिसते.

कोंबडीच्या पंखात तीन बोटं असतात. माझ्या हातून नीट जमलेल्या पहिल्या पंखात सहा होती, आरशात दिसावी तशी, एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला त्यांचीच उलटी तीन. मी सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढले आणि किती तरी वेळ माझ्याच व्रणाकडे बघत बसले.

हा प्रयोग जॉन साँडर्स आणि मेरी गॅसेलिंग यांनी 1968 साली प्रसिद्ध केला होता. त्या मागच्या कडेच्या पेशी काहीतरी पाझरतात आणि त्याच्या कमी-जास्त प्रमाणावरून कुठलं बोट कुठे व्हायचं ते ठरतं, एवढं तेव्हा कळलं. पाझरतं ते काय, हे समजायला 1993 उजाडलं. ते एका जनुकाचं प्रथिन निघालं. जनुकाचं नाव सॉनिक हेजहॉग. याचा भाऊबंद आधी फळमाशीत सापडला होता. तो बिघडला की माशीची अळी हेजहॉग नावाच्या छोट्या काटेरी प्राण्यासारखी दिसते, म्हणून हे नाव. ख्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांचं 1980 चं ते काम, ज्यासाठी त्यांना पुढे 1995 चं नोबेल मिळालं. सॉनिक हे मात्र व्हिडिओ गेममधल्या पात्राचं नाव. मला ते नाव आवडत नाही. या जनुकाच्या बिघाडाने ज्यांचं बाळ गेलं, त्या आईवडिलांना हे नाव ऐकवायची वेळ कुणा ना कुणा डॉक्टरवर येतेच.

कारण हे जनुक फक्त बोटांचं नाही. गर्भात ते मेंदूच्या मधल्या रेषेत, मज्जारज्जूच्या खालच्या अंगाला, आतड्यात, फुप्फुसात, किती तरी ठिकाणी वेगवेगळ्या वेळी चालू होतं. माणसात याची एक प्रत जरी बिघडली तरी मेंदूचे दोन अर्धे भाग वेगळे न होण्याचा धोका असतो. 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या आयडाहोमध्ये मेंढ्यांना एकडोळी कोकरं होऊ लागली. गाभण मेंढ्यांनी चौदाव्या दिवसाच्या सुमारास कुरणातली एक विशिष्ट वनस्पती खाल्ली होती. तिच्यातलं रसायन याच जनुकाचा निरोप अडवतं, हे कळायला पुढे कित्येक वर्षं गेली. त्वचेच्या एका कर्करोगात हाच निरोप पेशींमध्ये नको तेव्हा अखंड चालू राहतो, आणि तो अडवणारं औषध 2012 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. एकडोळ्या कोकरांपासून निघालेली वाट तिथवर गेली.

आता माझा प्रश्न बघा. इतक्या जागी लागणारं जनुक बिघडलं, तर माझा मेंदू धड, फुप्फुसं धड, आणि फक्त अंगठाच कसा वेगळा?

उत्तर हे की माझं ते जनुक शाबूत आहे. बदल त्याच्या स्विचमध्ये आहे. एका जनुकाला एकच बटण नसतं. मेंदूसाठी वेगळं, आतड्यासाठी वेगळं, हातापायांसाठी वेगळं. हातापायांचा स्विच जनुकापासून तब्बल दहा लाख अक्षरं लांब आहे, त्याच सातव्या गुणसूत्रावर, पण शेजारच्या दुसऱ्याच एका जनुकाच्या पोटात, ज्याचा बोटं घडवण्याशी काही संबंध नाही. छापील पानावर दोन हजार अक्षरं धरली तर ही पाचशे पानं झाली. जनुक पान एकवर आणि त्याचा स्विच पान पाचशेवर! पण पेशीत डीएनए घड्या घालून बसलेला असतो. त्या घडीमुळे पान पाचशे येऊन पान एकला भिडतं.

हा स्विच आठशेच्या आसपास अक्षरांचा आहे. ठरावीक प्रथिनं त्याच्यावर येऊन बसतात, काही त्याला चालू करणारी, काही दाबून धरणारी, आणि त्यांच्या मेळातून तो फक्त करंगळीच्या बाजूला चालू राहतो. 2003 मध्ये जास्तीच्या अंगठ्यांच्या काही कुटुंबांत या आठशे अक्षरांमधलं एखादंच अक्षर बदललेलं सापडलं. अशा बदलाने कधी कधी एखादं प्रथिन स्विचवर नेहमीपेक्षा जरा जास्त घट्ट चिकटून बसतं. तेवढ्याने स्विच अंगठ्याच्या बाजूलाही मिणमिणता चालू होतो. मी सुईने जो कण उचलून पुढच्या कडेला खोचला होता, त्याचं काम आमच्या घरात एक अक्षर करत होतं.

उंदरात हा स्विच पूर्ण काढून टाकला तेव्हा बाकी शरीर व्यवस्थित झालं, पण पाय खुरटलेलेच राहिले. सापांमध्ये तो पिढ्यान्‌पिढ्या झिजत गेलाय. 2016 मध्ये संशोधकांनी उंदराचा स्विच काढून त्या जागी सापाचा बसवला, तर उंदराचे पाय जवळपास वाढलेच नाहीत. सापाच्या स्विचमध्ये हरवलेली सतरा अक्षरं परत घातली, आणि उंदराला पाय आले. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून खोलीभर फिरले होते.

तर मी आमच्या जनुकीय समुपदेशक बाईंना सांगितलं, मला ही आठशे अक्षरं वाचून हवी आहेत. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि नमुने दुसरीकडे पाठवले. पाच आठवड्यांनी त्यांचा फोन आला. माझ्यात, मुलात आणि बाबांमध्ये तिथलं एकच अक्षर बदललेलं होतं. भावात नव्हतं. प्रत्येक मुलाला तो बदल मिळण्याची शक्यता निम्मी असते. मला मिळाला, त्याला नाही.

त्या संध्याकाळी मी आईला फोन केला. तिला रिपोर्ट वाचून दाखवला, स्विच वगैरे समजावलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अगं, म्हणजे ती गोळी नव्हती ना?"

मला काही कळेना. कुठली गोळी? माझ्या वेळी दुसऱ्या महिन्यात तिला सर्दी झाली होती आणि तिने न विचारता एक गोळी घेतली होती. हाताची बोटं दुसऱ्या महिन्यातच घडतात, हे तिने नंतर कुठेतरी वाचलं. चौथ्या आठवड्यात हातांची टेंगळं दिसू लागतात आणि आठव्याच्या अखेरीस बोटं सुटी झालेली असतात, हे बरोबरच आहे. बाबांचे अंगठे तिच्या डोळ्यांसमोर होते, सासूची सहा बोटं समोर होती, तरी माझ्या ऑपरेशनच्या दिवसापासून तिने ते स्वतःवर घेतलं होतं. चौतीस वर्षं. मला त्या पहिल्या रिपोर्टचा खरा राग तेव्हा आला. तो तेवढाच हातात राहिला असता, तर "आनुवंशिक काही सापडलं नाही" या वाक्याने आईची गोळी पक्की झाली असती.

"नाही आई," मी म्हटलं, "हे बाबांकडून आलंय. आणि त्यांना आजीकडून."

"यांना सांगते थांब," ती म्हणाली, आणि फोन तसाच चालू ठेवून बाबांना हाक मारायला गेली.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे: हातात असा रिपोर्ट आला तर काय वाचलं आणि काय वाचलं नाही, हे विचारा. समुपदेशकाला विचारायला संकोच करू नका. अंगठा तसा साधा मामला आहे. पण हेच स्विचांचं गणित गंभीर आजारांतही आहे. डोळ्याच्या बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा नसलेली मुलं जन्मतात. त्यातल्या काहींचं डोळ्याचं मुख्य जनुक, पॅक्स-सिक्स, पूर्ण शाबूत असतं, पण त्याचा लांबचा स्विच तुटलेला असतो.

आणि स्विच एकाच जागेपुरता असतो, याचा आता उपचारातही उपयोग झालाय. गर्भात आपलं हिमोग्लोबिन वेगळं असतं आणि जन्मानंतर एक जनुक त्याला बंद करतं. सिकलसेल किंवा थॅलेसेमियाच्या रुग्णात ते जुनं हिमोग्लोबिन परत सुरू करता आलं तर मोठा आधार मिळतो. पण ते बंद करणारं जनुक, बीसीएल-इलेव्हन-ए, मेंदूत आणि प्रतिकारशक्तीच्या पेशींतही लागतं, त्याला सरसकट मारून चालत नाही. त्याचा फक्त लाल पेशींपुरता असलेला स्विच सापडला. रुग्णाच्याच रक्ताच्या मूळ पेशी बाहेर काढून क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या तंत्राने त्या स्विचला छेद द्यायचा आणि पेशी परत शरीरात सोडायच्या. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने या उपचाराला पहिली मंजुरी दिली. पेशी परत देण्याआधी तीव्र केमोथेरपी लागते आणि खर्च अफाट आहे, त्यामुळे हा उपचार अजून फार थोड्यांपर्यंत पोचलाय. मला ते खुपतं.

मुलाचं ऑपरेशन चौदाव्या महिन्यात झालं. जोडअंगठ्यात नुसतं एक कापून टाकायचं नसतं. दोन्हींतला कुठला नीट वाढेल ते बघून दुसऱ्याचा स्नायुबंध आणि कातडी त्याला जोडावी लागते. सर्जननी एक्स-रे दिव्यासमोर धरून मला दोन्ही हाडं दाखवली, आतलं थोडं जाड, बाहेरचं बारीक. बाहेरचं गेलं.

काल बँडेज निघालं. तो हात उलटसुलट करून बघत होता. जमिनीवर माझ्या कुडत्याचं एक बटण पडलं होतं. आधी तो ते डाव्या हाताने उचलायला निघाला, मग थांबला, उजवा हात पुढे केला, आणि अंगठा नि तर्जनीत धरून ते बटण माझ्याकडे उचलून धरलं. मी बाबांना व्हिडिओ पाठवला. त्यांचं उत्तर आलं, शब्द नाहीत, नुसता फोटो: त्यांचे दोन्ही लांबुडके अंगठे, शेजारी शेजारी, वर केलेले.